कोकिळा बेल घेतली, पण कोकिळा कुठाय?

आधी माल काय ते सांगतो. दाराची बेल, वायरवाली, सेलवाली न्हवे, आमच्या कोल्हापुरात बिंदू चौकाजवळच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातनं घेतली, २६० रुपये. बिलावर लिहिलंय 'कोकिळा बेल १ नग', बॉक्सवर हिंदीत 'कोयल की मधुर आवाज' आणि त्याच्या खाली चित्र कशाचं, तर पिवळ्याधमक पक्ष्याचं. तिथंच शंका यायला पाहिजे होती. पण जुनी डिंगडाँग पावसात भिंतीला ओल येऊन गेली होती, पंधरा दिवस लोकं कडी वाजवत होती, कुरिअरवाला तर खालनंच नावानं हाका मारायचा आणि सगळ्या गल्लीला कळायचं की आमच्याकडं आज काय आलंय, त्यामुळं जास्त बघत बसलो न्हाय, उचलली आणि आलो.

बसवायला काही त्रास नाही. जुन्या बेलच्या दोन वायरी होत्या त्याच हिला लागल्या, वायरमननं दहा मिनिटात काम उरकलं आणि चहाला अर्धा तास बसला. बॉडी हलकी, प्लास्टिकची, पण बरी आहे. बटन मात्र बॉक्समध्ये येत नाही, घरातलं जुनं असलं तर ठीक, नाहीतर वेगळं घ्यावं लागतं आणि हे बॉक्सवर कुठंच लिहिलेलं नाही, नवीन घर बांधलेल्यांनी ध्यानात ठेवा.

मग वायरमननं बटन दाबलं. आता मी काय ऐकायच्या तयारीत होतो, तर कुऽहू, कुऽहू, दरवेळी एक पायरी वर चढत जाणारी आणि पार टोकाला जाऊन एकदम तुटणारी. आमच्या मागं शेजाऱ्यांचं आंब्याचं झाड आहे, पाडव्याच्या आधीपासनं रोज पहाटे तिथं हा कार्यक्रम असतोय, त्यामुळं आवाज पाठ झालाय. आणि बेलमधनं आलं काय, तर 'चिर्रर्र चिवचिवचिव टिर्रर्र', पत्र्याच्या डब्यात शिट्टी घालून कुणीतरी हलवतंय तसं. बटनावर बोट ठेवलंय तोवर थांबायचं नाव नाही. वायरमन खूश. "नाद खुळा आवाज हाय वैनी, कोपऱ्यापर्यंत जाणार." म्हटलं जाईल हो, पण ही कोकिळा न्हाय. तर म्हणाला, "पक्षी वरडतोय न्हवं? झालं की मग."

हे 'पक्षी वरडतोय न्हवं' डोक्यात बसलं. मी शाळेत मराठी शिकवतो, शब्द असा कुणी सैल सोडला की मला झोप लागत न्हाय.

सकाळी मी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातो, तिथं आमच्या ग्रुपात एक रिटायर झालेले प्राणिशास्त्राचे सर आहेत. मोबाईलवर बेलचा आवाज रेकॉर्ड करून त्यांना ऐकवला. दोन सेकंदात म्हणाले, "कॅनरी." अटलांटिक महासागरात स्पेनच्या ताब्यातली कॅनरी बेटं आहेत, हा पक्षी तिथला आणि आजूबाजूच्या बेटांवरचा, रानातला असतो हिरवट पिवळा, हा जो भडक पिवळा चित्रात दिसतोय तो माणसानं पिंजऱ्यात वाढवून वाढवून केलेला. ह्या लांबलांब ताना त्याच्याच. म्हणजे बॉक्सवरचं चित्र बरोबर होतं आणि नाव चुकीचं, मी उलटं समजत होतो. (जाता जाता, कॅनरी बाहेरचा म्हणून पेटशॉपात दिसतो, पण आपले बुलबुल, मैना, पोपट घरात पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कुणी विकत असला तर घेऊ नका.)

शाळा सुटल्यावर दुकानात गेलो.

"ओ दादा, ह्यात कोकिळा न्हाय."

"हाय की. वाजत न्हाय काय?"

"वाजती, पण आवाज कॅनरीचा हाय."

"कुणाचा?"

दुकानदार माणूस चांगला, चिडला न्हाय. मागच्या फळीवरनं अजून तीन बॉक्स काढले, एकावर चिमणी, एकावर पोपट, एकावर नुसतं 'स्वीट बर्ड'. टेस्टिंगच्या बोर्डाला लावून तिन्ही वाजवून दाखवल्या आणि तिन्हीतनं तेच, चिर्रर्र चिवचिवचिव टिर्रर्र. मग म्हणाला, "वैनी, कॅनरी मागणाऱ्या आजवर तुम्हीच पहिल्या. गिऱ्हाईक येतंय आणि म्हणतंय कोकिळा द्या. आमच्यात बेल तीनच प्रकारची, डिंगडाँग, मंत्र आणि कोकिळा. जी डिंगडाँग न्हाय आणि मंत्र न्हाय ती कोकिळा."

मी हसलो, पण खरं सांगतो, इतकी स्वच्छ व्याख्या मला वर्गात कधी जमली नाही. शब्दकोशात कोकिळा म्हणजे एक ठराविक पक्षी, आणि लक्ष्मीपुरीपासनं राजारामपुरीपर्यंत बोलण्यात कोकिळा म्हणजे जे काही गोड वाजतं ते. गॅदरिंगला सूत्रसंचालन करणारी पोरं 'आपल्या शाळेची कोकिळा' म्हणतात तेव्हा तिनं काळी पिसं लावलेली नसतात. दुकानदारानं तेच केलंय, फक्त बिलावर केलंय.

आणि खऱ्या कुहू कुहूची बेल मिळतच नाही काय, असं विचारलं तर म्हणाला, "आणलीवती की दोन वर्षांखाली. सा विकल्या, चार परत आल्या. उन्हाळ्यात झाडावरची कोकिळा वरडली की घरातली म्हातारी माणसं उठून दार उघडाय जायची. पहाटे पाचला." ह्यावर मला काही बोलता आलं न्हाय. तुम्ही पण हट्ट धरू नका, कॅनरीच बरा.

आता खरी गंमत. जी कोकिळा बेलमध्ये नव्हती म्हणून मी भांडायला गेलो, ती झाडावर पण गात नाही. कुहू कुहू करतो तो नर, कोकीळ, चकचकीत निळसर काळा, लालबुंद डोळ्याचा. कोकिळा म्हणजे मादी, ती काळी पण नसते, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, नुसतं बघितलं तर वेगळाच पक्षी वाटावा अशी, आणि तिचा आवाज 'किक किक किक किक', कुणाच्या तरी मागं लागल्यासारखा. दरवर्षी वसंत ऋतूवर निबंध देतो, चाळीसातल्या पस्तीस वह्यांत 'आम्रवृक्षावर कोकिळा मधुर गाते' असतंय, मी लाल पेन उचलतो आणि परत ठेवतो. कुणाकुणाचं खोडायचं. संस्कृतात कोकिल पुल्लिंगी, हिंदीत कोयल स्त्रीलिंगी, मराठीत कोकीळ आणि कोकिळा दोन्ही आहेत पण तोंडात बसलंय दुसरं, कारण गोड गळा म्हटलं की बाईच डोळ्यापुढं येते. बॉक्सवर नराचं चित्र काढून खाली कोयल लिहिलं असतं तरी कुणाला खटकलं नसतं.

पुण्याच्या आमच्या वन्संना हे फोनवर सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही कोल्हापूरच्यांनी कोकिळेचं लिंग काढावं म्हणजे कमाल आहे." ह्यात टोमणा आहे, बाहेरच्यांना कळणार न्हाय म्हणून सांगतो. इथवर वाचून तुम्ही मला बाप्या समजला असाल. मी बाई आहे. आमच्या कोल्हापूर भागात बायका 'मी जातो, मी येतो, मी करतो' असंच बोलतात, आमची आज्जी बोलायची, मी बोलतो, वर्गातल्या पोरी बोलतात. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला गेलो तर सगळं घर माझ्या तोंडाकडं बघत बसलेलं, मराठीची बाई आणि 'मी आंघोळीला जातो' म्हणते. तेव्हापासनं वन्संना ते पुरलंय. पण मी म्हणतो, ज्या गावात बाई 'गातो' म्हणते त्या गावात नराला 'गाते' म्हटलं तर हिशेब बरोबरच झाला की.

सरांना हे सांगितलं, तर सर म्हणाले, बाई, तुम्ही अजून लिंगावरच अडकलाय, कोकीळ मुळात 'गाणारा पक्षी' नाहीच. मला वाटलं चेष्टा करतायत. तर नाही. पक्षीशास्त्रात गाणारे पक्षी म्हणून एक मोठा गटच आहे, जगात पक्ष्यांच्या साधारण ११,००० जाती धरल्या तर निम्म्याच्या जवळपास ह्या गटात. पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्यात वर तयार होत नाही, श्वासनलिका जिथं दोन फुप्फुसांकडं फुटते तिथं खाली त्यांचा स्वरयंत्राचा डबा असतो, आणि ह्या गटातल्या पक्ष्यांचा तो डबा लई गुंतागुंतीचा, बारीकबारीक स्नायूंनी हलणारा. दुसरी गोष्ट म्हणजे हे पक्षी गाणं शिकतात. पिल्लू मोठ्यांचं ऐकतं, चुकतं, परत घोकतं, तेव्हा कुठं गळा तयार होतो. चिमणी ह्या गटात, साळुंकी, बुलबुल, शिंपी, दयाळ ह्या गटात, आपला कॅनरी ह्या गटात. आणि कावळा पण.

होय, कावळा. पितृपक्षात टेरेसवर ताट ठेवून ज्याची वाट बघतो तो कावळा शास्त्राप्रमाणं गाणारा पक्षी, आणि कोकीळ म्हणजे पावशाच्या भाऊबंदातला, गाणाऱ्यांच्या पंगतीतच नाही. कोकिळेची अंडी कावळ्याच्या घरट्यात, हे शाळेत सगळे शिकतो, पण पुढचं कुणी सांगत नाही. पिल्लू जन्माला येतं कावळ्याच्या घरात, वाढतं काव काव ऐकत, आणि मोठं झाल्यावर तोंड उघडतं ते कुहू म्हणूनच. कुणी शिकवलेलं नसतंय, ते आतनंच येतं. ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून ठेवलं, जिथं घराणं आणि तालीम ह्यावर लोक तासतासभर वाद घालतात, तिथं मला हे फार लागलं. कावळ्याला गुरू आहे, रियाज आहे, आणि आपण त्याला हुसकून लावतो. कोकीळ बिनगुरूचा, एकच जागा जन्मभर घेणारा, आणि मानाची शाल त्याला, त्यात पण त्याच्या बायकोच्या नावानं.

जुन्या लोकांना ह्यातलं निम्मं माहीत होतं, हे मला वर्गात अमरकोश सांगताना नव्यानं कळलं. कोकिळाला तिथं नावं आहेत वनप्रिय, पिक आणि परभृत, परभृत म्हणजे दुसऱ्यानं पोसलेला. आणि कावळ्याच्या नावांत आहे परभृत्, शेवटी पाय मोडलेला त, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा. एका पायमोड्याचा फरक. एवढं एकच नाव मुलांना पाठ करायला लावलं तरी कोकिळा कावळ्याच्या घरट्यात काय करते हे वेगळं शिकवायला लागणार न्हाय.

नाइटिंगेलचा घोळ तर अजून निराळा. तो युरोपातला पक्षी, रात्री पण गातो म्हणून नावातच रात्र आहे, आपल्याकडं तो राहत नाही. फारसीत त्यालाच बुलबुल म्हणतात. तो शब्द इकडं आला आणि इथल्या शेंडीवाल्या वेगळ्याच पक्ष्याला चिकटला, बुडाखाली लाल असलेला लालबुड्या बुलबुल, गालावर लाल असलेला शिपाई बुलबुल, टाऊन हॉलच्या बागेत दोन्ही दिसतील. मग सरोजिनी नायडूंना इंग्रजीत नाइटिंगेल म्हणायला लागले, त्याचं आपण बुलबुल केलं न्हाय, भारत कोकिळा केलं. बरोबरच केलं, 'भारत बुलबुल' कसं वाटलं असतं. लतादीदींचं पण तेच, बाहेर नाइटिंगेल आणि आपल्यात गानकोकिळा. त्यांच्यावर कोल्हापूरचा थोडा हक्क आहे हे सांगितल्याशिवाय पुढं जात न्हाय, १९४२ ला दीनानाथ गेले, मग तेरा वर्षांची ही पोरगी मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत कामाला लागली, कोल्हापुरात राहिली आणि १९४५ ला कंपनीबरोबर मुंबईला गेली. आता त्यांना गानकोकिळा म्हणताना कुणी आवाज नराचा असतो म्हणून अडवलं तर मी स्वतः त्याला गप्प करीन. आणि गुरूकडनं शिकून, रोज घासून गाणारी म्हणजे शास्त्राप्रमाणं त्यांना कावळा-चिमणीच्या गटात घालावं लागेल, ते काय मी करणार न्हाय. तिथं कोकिळा हाच शब्द बरोबर. गाण्याच्या बाबतीत तो शब्द पक्ष्याचा उरलाच नाही, त्याचा अर्थ गळा असा झालाय, आणि मग दुकानदाराचं बिल पण माफ करायला लागतं.

माफ केलं, पण रिव्ह्यू द्यायचा आहे, तर बेलचा खरा दोष सांगतो आणि तो नावातला नाही.

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. दुपारी मी शाळेत, मालक दुकानात, घरी त्या एकट्या. बेल लावल्यावर पहिल्याच आठवड्यात गॅसवाला परत गेला, मग पोस्टमन परत गेला, शेजारच्या काकी पाच मिनिटं बटन दाबून कंटाळून गेल्या. मी चिडून म्हटलं, "आत्ती, बेल वाजली तर उठाय नको काय?" तर म्हणाल्या, "अगं कसली बेल, एकदा पण वाजली न्हाय." समोर उभं राहून वाजवून दाखवली. माझे कान फुटायची पाळी, आणि त्या शांत, माझ्या बोटाकडं बघतायत. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की वय झालं की पहिल्यांदा वरच्या पट्टीतलं, बारीक तीक्ष्ण ऐकू येणं कमी होतं, खालच्या पट्टीतलं बराच काळ टिकतं. कॅनरीच्या ताना सगळ्या वरच्या, बारीक. म्हणजे २६० रुपयांची ही बेल गल्लीच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला ऐकू जाते आणि आतल्या खोलीत सासूबाईंना नाही. आणि आवाज कमी-जास्त करायचं बटन पण नाही. घरात म्हातारं माणूस असेल तर ही घेऊ नका, हे मी ठळक सांगतो.

फेब्रुवारीच्या शेवटाला मागच्या आंब्यावर कोकीळ सुरू झाला. सासूबाई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाल्या, "आली बघ कोकिळा. हिचं कसं स्वच्छ ऐकू येतंय, तुझी ती बेल मुकीच." मी 'आली' चं 'आला' करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

बाकी मुद्दे पटापट. आठ महिने झाले, बंद पडलेली नाही. वीज गेली की वाजत नाही, हे वायरवाल्या सगळ्याच बेलचं आहे. पहिल्या पावसात थोडी घरघर यायची, वायरमननं एक स्क्रू आवळला, गेली. गल्लीतली पोरं खोडी म्हणून दाबून पळतात, कारण दाबलं की दाबलं तोवर गाते, डिंगडाँगला ही मजा नाही. दारातल्या जास्वंदीवर शिंप्याचं जोडपं असतं, ते पहिले दोन दिवस बेल वाजली की टुकटुक करत ओरडायचं, आता ढुंकून बघत नाही.

दुकानदारानं बेल परत घेतली नाही, वापरलेली घेत नाही म्हणाला, ते मला पटलं. पण दुसरी घेताना वीस रुपये कमी लावले. ती साधी डिंगडाँग, १६० रुपये, सासूबाईंच्या खोलीत दाराच्या वर लावलीय आणि दोन्ही एकाच बटनावर जोडल्यात. आता कुणी आलं की बाहेर कॅनरी आणि आत डिंगडाँग एकदम वाजतंय, ऐकायला भयंकर आहे, पण गॅसवाला परत जात नाही.

पाचपैकी तीन स्टार. एक कापला बटन न दिल्याबद्दल, एक आवाज कमी करता येत नाही म्हणून. नावाचा कापला न्हाय. आमच्याकडं येणार असाल तर बटन दोन सेकंदच दाबा.